पहिल्या दिवसाची सुई

रविवार, ३ मे १९८७

सकाळी ओट्यावर बसून एकेकाची विचारपूस केली. माझी सवयच आहे ती. जाईच्या आईला, म्हणजे आमच्या मंडळींना, विचारलं, गुडघे काय म्हणतात? म्हणाली, "गुडघं काय म्हंत्यात? टँकरच्या लायनीत घागर घेऊन उभं ऱ्हावा, मग इचारा." पोरगा मच्छिंद्र दुधाची गाडी सोलापूरला पोचवून आला. डोळ्यांत झोप, बाकी ठणठणीत. म्हशीला विचारायची सोय नाही, तिच्या बरगड्याच बोलतात. मुरुम गावी दिलेल्या आमच्या लेकीची, जाईची, खुशाली बऱ्याच दिवसांत नाही. तिच्या तिन्ही पोरांतलं एखादं शिंकलं तरी तिची आई इथं बसून दृष्ट काढते. माझं म्हणाल तर एक दात हलतोय. हलेना का!

राहिली सूनबाई. "अयोध्या, तब्येत कशी आहे बाळ?"

"बरी हाय मामा."

पण वर बघेना. म्हटलं, उजेडात ये जरा. आली. डोळे बघितले आणि हातातला चहा खाली ठेवला. पांढऱ्या जागी हळद! आठवा महिना लागलाय तिला.

जाईची आई म्हणाली, "कावीळ! शांतलिंगाप्पाकडं न्या, त्यो कावीळ उतरवतो."

मंगळवार, ५ मे

शांतलिंगाप्पाकडं जाऊन आलो. बैलगाडीनं, कारण अयोध्येला चालवेना. खाल्लेलं पोटात ठरत नाही तिच्या.

त्यानं चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुतले, वर कसलासा पाला चोळला. पाणी पिवळंजर्द. "बघा, कशी उतरतीया!" म्हणाला. आमची मंडळी हात जोडून बसलेली.

मला राहवेना. म्हटलं, "आप्पा, जरा माझेपण हात धुवा."

धुतले. पाणी पिवळं!

"अण्णा, तुमालापण हाय थोडी."

म्हटलं, "मग आता बैलाचे खूर धुवा. ऊन बाधलंय त्याला."

अयोध्या पदरात तोंड घालून हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा हसली पोर. तिची सासू मात्र परतीच्या वाटेवर गाडीत पाठ फिरवून बसली. घरी आल्यावर म्हणाली, "हसू नगा. न्हाय उतरली तर डाग द्यावा लागंल."

डाग! पोटात लेकरू असलेल्या बाईला तापल्या सळईचा डाग! मी म्हटलं, शनिवारी सोलापूर. यावर चर्चा नाही.

शनिवार, ९ मे

सोलापूर. एसटीत अयोध्येला दोनदा उलटी. कंडक्टर भला, गाडी थांबवली. मोठ्या दवाखान्यात बाईमाणूस डॉक्टर आहे, वयानं आमच्या जाईएवढी. हात धुऊन आली, डोळे बघितले, पोट बघितलं, रक्त घेतलं. सुई कागदाच्या नव्या पाकिटातून काढली आणि काम झाल्यावर मोडून टाकली. मला हळहळ वाटली. चांगली सुई!

"कुणी घरगुती औषध दिलंय का?" तिनं विचारलं. मी हात धुतल्याचं सांगितलं. ती म्हणाली, "हात धुतल्यानं काही बिघडत नाही. पोटात कसला पाला देऊ नका, काळीज आधीच सुजलंय."

काळीज म्हणजे यकृत, लिव्हर. छातीतलं नव्हे, उजव्या बरगडीखालचं. खाटीक ज्याला कलेजी म्हणतो ते. आम्ही जन्मभर प्रेमाच्या गोष्टी भलत्याच अवयवावर घातल्या म्हणायच्या.

गुरुवार, १४ मे

आज निकाल. सगळं आठवतं तसं लिहून ठेवतो, नाहीतर जाईच्या आईच्या बोलण्याच्या वावटळीत उडून जाईल.

कावीळ हा रोग नव्हे, ती खूण आहे. धूर दिसला म्हणजे आग कुठंतरी आहे, तसं. आग कैक प्रकारची. एक खराब पाण्यातून येते, ती आपली नेहमीची. सूनबाईची ती नाही. हिची रक्तातली. नाव हिपॅटायटीस बी. तपासणीला म्हणतात ऑस्ट्रेलिया अँटिजेन. मी म्हटलं, "बाई, आमच्या घरातलं सोलापूरच्या पुढं कुणी गेलं नाही, ऑस्ट्रेलिया कुठली?" डॉक्टरीण हसली. म्हणाली, पहिल्यांदा तिकडच्या एका माणसाच्या रक्तात सापडलं म्हणून ते नाव.

मग समोर बसून नीट सांगितलं. हा रोग एका ताटात जेवून होत नाही. एका पेल्यानं होत नाही. हात धरल्यानं, शेजारी निजल्यानं, खोकल्यानं, एका हौदावर धुणं धुतल्यानं होत नाही. होतो तो रक्तातून. न उकळलेली सुई, न्हाव्याचा वस्तरा, गोंदणाऱ्याच्या सुया, बाटलीतून दिलेलं रक्त. नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून नवऱ्याला. (इथं मी खिडकीबाहेर बघत होतो.) आणि आईकडून लेकराला, जन्मताना.

ही शेवटची गोष्ट जिवाला लागली. मोठ्या माणसाला झाला तर शंभरातले पंचाण्णव आपोआप बरे होतात. अयोध्याही होईल, तिला नुसती विश्रांती आणि पोटभर खाणं पाहिजे. पण जन्मताना लेकरानं घेतला, तर तो त्याच्या अंगातून बहुतेक जातच नाही. लेकरू हसतं, खेळतं, शाळेत जातं, कुणाला पत्ता नसतो. आणि ऐन उमेदीत कधीतरी पोटात पाणी होतं.

"उपाय?" मी विचारलं.

आहे. लस आहे. परदेशातून येते, पुण्याला मिळंल. लेकरू जन्मल्याबरोबर, फार तर एक दिवसाच्या आत, मांडीत पहिली सुई. मग महिन्यानं एक, सहा महिन्यांनी एक. "पण आजोबा, पहिली चुकली तर बाकीच्यांचा तेवढा उपयोग नाही. पहिल्या दिवसाची सुई म्हणजे दार लावणं. चोर घरात शिरल्यावर कडी घालून काय करणार?"

डॉक्टरीण आमच्यासारखं बोलते! आणखी एक सांगितलं, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून घ्या.

शुक्रवार, १५ मे

रक्त तपासायचं नाव काढलं आणि जाईची आई उसळली. "आमाला काय झालंय? वाघावानी ल्योक माझा! जिला झालंय तिला झालंय." मच्छिंद्र म्हणाला, "अण्णा, गाडीला सुट्टी न्हाय, बघू म्होरं." आणि गेला.

दुपारी बघतो तर अयोध्येचं ताट-तांब्या वेगळा, न्हाणीच्या भिंतीला टेकवून ठेवलेला. पोर गोठ्याच्या दारात बसून भाकरी कुस्करत होती.

मी तिच्या शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "पोरी, कोरड्यास कशाचं आहे?" आणि तिच्या ताटातली चतकोर घेतली. ती म्हणाली, "मामा, नगा. आत्या बोलतील."

बोलल्याच. "म्हातारपणी चळ लागला!" एवढं तर घराघरांतून ऐकू गेलं असणार.

रविवार, १७ मे

आता गावाचा निकालही लागला. अयोध्येनं रोग माहेराहून आणला! का, तर डोहाळजेवणाला येरमाळ्याला गेली होती, तेव्हा येडाई देवीच्या चैत्री जत्रेत हातावर तुळस गोंदून घेतली. जाईची आई आल्यागेल्याला ती तुळस दाखवते. आज अयोध्येची आई बानूबाई भेटीला आली, तिलाही दाखवली. बानूबाई गरीब बिचारी, म्हणाली, "इहीणबाई, माझी लेक माझ्या घरी न्हेते. बाळंतपण तसंबी माहेरचंच."

पहिलं बाळंतपण माहेरी, रीतच आहे. पण या वेळी ती रीत नव्हती, हकालपट्टी होती. आणि येरमाळ्याहून सोलापूर किती लांब! सुई चुकली म्हणजे?

मी बानूबाईला म्हटलं, "बाळंतपण सोलापुरात. तुम्ही तिथं या. लेक तुमची, नातवंड दोघांचं."

मग ओट्यावर बसून हिशेब केला. डॉक्टरीण म्हणाली होती, रोग अंगात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन-तीन महिने तरी जातात, कधी जास्तच. जत्रा चैत्री पुनवेची. पुनवेपासून डोळे पिवळे होईपर्यंत तीन आठवडेसुद्धा नाहीत. मग तुळशीचा काय गुन्हा? चोर सोडून संन्याशाला सुळी! त्याच्या आधी शिमग्यात, माघात पोर कुठं होती? इथंच. आमच्याच गावात, आमच्याच घरात.

म्हणजे रोग इथला आहे. इथं कुठं?

गुरुवार, २१ मे

सापडला असं वाटतंय. दुष्काळात जनावरांसाठी उघडलेल्या चारा छावणीवर सुईवाले डॉक्टर बसतात. माघात अयोध्येला अशक्तपणाची सुई तिथंच दिली होती. आज म्हैस बघायच्या निमित्तानं जाऊन बसलो. एक काचेची पिचकारी, दोन सुया. एकाला टोचली की भांड्यातल्या पाण्यात बुचकळायची, की दुसऱ्याला. पाणी सकाळचं, कोमट सुद्धा नाही. समोर माणसांची रांग, दंड उघडे.

सगळे गेल्यावर म्हटलं, "डॉक्टर, सुया उकळत नाही?"

माणूस वाईट नाही. डोळ्यांत डोळे घालून म्हणाला, "अण्णा, प्यायला पाणी न्हाय, उकळू काय? रॉकेल कुठाय? अन् सुई दिली न्हाय तर लोक म्हंत्यात ह्यो कसला डॉक्टर. गोळी दिली तर फेकून देत्यात माझ्यासमोर."

खरं आहे. मीच फेकलीय एकदा. आपल्याकडं ताप पळवायचा म्हणजे काहीतरी टोचलं पाहिजे.

पण डोक्यात विचार आला तो असा. दूध संस्थेच्या केंद्रात कॅन धुवायला वाफेचा बॉयलर आहे. दुष्काळानं दूध चौथाईवर आलंय, पण उरलेल्या कॅनसाठी तो रोज पेटतोच. त्या वाफेवर सुया का नाही? कॅनला जी वाफ लागते ती सुईला लागेल की! इतकी वर्षं संस्थेचा सेक्रेटरी होतो, एवढं तरी ऐकतील माझं.

मंगळवार, २ जून

ऐकलं! रोज सकाळी कॅन वाफवून झाले की सुईवाल्यांचा डबा वाफेवर. पिचकाऱ्या चार, सुया मूठभर. एक माणूस, एक सुई. केंद्रावर हरिबा आहे, माझा जुना सोबती. तो म्हणतो, "अण्णा, दुधाच्या कॅनमंदी सुया! चेअरमन बघंल तर मलाच टोचंल."

व्यंकट न्हाव्याकडं पण गेलो. "वस्तरा उकळ," म्हटलं. कपाळावर हात मारला त्यानं. "अण्णा, उकळलेल्या वस्तऱ्यानं तुमची दाढी न्हाय निघायची, कातडं निघंल!" शेवटी ठरलं की ज्यानं त्यानं आपलं पातं आणायचं, व्यंकटनं ते आपल्या वस्तऱ्याच्या मुठीत बसवायचं. पहिलं गिऱ्हाईक मी. गाल दोन ठिकाणी कापला. आपलंच पातं, आपलंच रक्त, तक्रार कुणाकडं करणार?

छावणीवरल्या सुईनं इतक्या जणांना टोचलं, पण पिवळी फक्त आमची पोर झाली. हे कोडं सुटत नाही. डॉक्टरीण म्हणाली होती, पुष्कळांना होतो आणि कळतही नाही. तसं असेल.

शुक्रवार, १२ जून

लस आली! मच्छिंद्र दुधाची गाडी घेऊन पुण्यापर्यंत गेला होता, येताना घेऊन आला. बोटाच्या पेराएवढी बाटली. एवढ्याशा बाटलीसाठी केवढी धावाधाव!

दुकानदारानं सांगितलंय, थंड ठेवा, फ्रिजात. गावात फ्रिज एक, सरपंचाचा, आणि वीज दिवसाआड. मग केंद्रावर नेली. हरिबानं बाटली हातात घेतली ती देव्हाऱ्यातला टाक घ्यावा तशी. "काळजी करू नगा अण्णा. सबंध जिल्ह्याचं दूध नासू दिलं न्हाय आपण, ही काय चीज हाय!"

बर्फ फोडला, पेटीत भरला, वर खडेमीठ पसरलं. मिठानं बर्फ जास्त गार होतो, कुल्फीवाले करतात तसं. मधोमध बाटली. वरून गोणपाट. रोज बर्फ बदलायचा जिम्मा त्याचा. मी म्हटलं, हरिबा, तुझ्यासारखा माणूस नाही.

बुधवार, १७ जून

अयोध्येच्या डोळ्यांतलं पिवळं गेलं. आज ताटभर जेवली. पाऊस नाही, पण घरात गारवा आला.

शनिवार, २७ जून

दवाखान्याच्या ओसरीवर बसून लिहितोय. वही मांडीवर, अक्षर वाकडं आलं तर येवो.

सकाळी अयोध्येचं पोट दुखायला लागलं. दिवस भरायला अवकाश होता अजून. संस्थेच्या जीपमधून आणलं. पुढं मच्छिंद्र, मागं अयोध्या, तिची सासू, मी आणि मांडीवर बर्फाची पेटी. हरिबानं सकाळीच ताजा बर्फ आणि मूठभर मीठ घालून दिलं होतं.

डॉक्टरिणीनं पेटी उघडली. बाटली उजेडात धरली, हलवली, टेबलावर ठेवली. पुन्हा बघितली. तळाला कण बसलेले, फुटलेल्या दुधासारखे.

"आजोबा, हे गोठलं होतं का?"

मी अभिमानानं म्हटलं, "व्हय बाई, एक दिवससुद्धा गार कमी होऊ दिलं नाही!"

ती खुर्चीवर बसली. म्हणाली, ही लस गार पाहिजे, पण गोठली की मेली. आता यात नुसतं पाणी आहे. सुई देता येईल, उपयोग शून्य.

आम्ही दूधवाले! दूध जेवढं गार तेवढं चांगलं, एवढंच आम्हाला ठाऊक. जपून जपून मारली. आणि पलीकडच्या खोलीत पोर कण्हतेय.

मच्छिंद्र उभा होता तो तसाच वळला. "बाई, पुण्याला कुणाकडं मिळंल?" डॉक्टरिणीनं ट्रंक कॉल लावला. लागेपर्यंत तिनं तीनदा फोन आपटला. शनिवारचं दुकान दुपारीच बंद व्हायचं आणि उद्या रविवार. दुकानदाराला म्हणाली, दुकान बंद करा पण घरी थांबा, माणूस येतोय. मग मच्छिंद्रला, "फ्रिजइतकं गार, बर्फाइतकं नाही. कळलं?"

"किती म्हंजे किती, बाई?"

"चार डिग्री. सहा, आठसुद्धा चालेल. शून्य नको."

"म्हंजे आमच्या केंद्रातल्या दुधाएवढं," मच्छिंद्र म्हणाला. आणि गेला.

तो गेल्यावर जाईची आई माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "त्या पोरीनं काय केलं हुतं ओ आपलं?" मी पेटीतला वितळलेला बर्फ बाहेर ओतून आलो.

तिसऱ्या प्रहरी नात झाली. बारीक आहे, पण आवाज असा की जत्रेतला हलगीवाला लाजावा. बानूबाई वेळेवर पोचली. दोघी इहिणी दारात गळ्यात पडून रडल्या. आणि मच्छिंद्र अजून वाटेत!

डॉक्टरीण बाहेर आली, म्हणाली, "थांबलात तोवर तुमचं सगळ्यांचं रक्त घेऊन ठेवते. मागंच सांगितलं होतं." मी दंड पुढं केला. जाईच्या आईकडं बघायची हिंमत झाली नाही. तीच उठली, बांगड्या वर सारल्या आणि म्हणाली, "घ्या, बाई. लेकरासाठी काय घ्यायचं त्ये घ्या."

मग हळूच विचारलं, "दूध पाजू द्यावं का तिला? न्हाय म्हंजे, रोग..."

"पाजू द्या," डॉक्टरीण म्हणाली. "सुई मिळाली की दुधाचं भय नाही."

सुई मिळाली की!

रविवार, २८ जून

उजाडलं, मच्छिंद्र नाही. एसटी स्टँडवर गेलो. पुण्याची पहिली गाडी आली, त्यात नाही. दुसरीत नाही. माणसाचं मन बघा. शंभर अपघात डोळ्यांसमोर.

परत आलो तर दवाखान्याच्या दारात दुधाची गाडी उभी! पोरगा पुण्याच्या डेअरीतून ओळखीच्या ड्रायव्हरच्या गाडीत बसून आला. पोटाशी पितळी डबा. डब्यात दुधाच्या गार पिशव्या आणि त्यांच्यामध्ये फडक्यात गुंडाळलेली बाटली. वाटेत थांबून दोनदा पिशव्या बदलल्या, कुठल्या कुठल्या गावच्या डेअरीत जाऊन, हातापाया पडून. बर्फ कुणी दिला तर "नगं, दूध दे" म्हणाला. लोकांना वाटलं येडा आहे.

डॉक्टरिणीनं बाटली हलवली. उजेडात धरली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं.

"छान," म्हणाली.

नातीच्या मांडीत सुई गेली. तिनं जो टाहो फोडला! आयुष्यात रडणं इतकं गोड कधी लागलं नाही. अयोध्या उशीवर डोकं टेकून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी. जाईची आई तिचे केस मागं सारत होती.

मच्छिंद्रचंही रक्त तेव्हाच घेतलं. तो "म्होरं बघू" म्हणाला नाही.

हरिबाही आलेला, एसटीनं. कोपऱ्यात उभा. "अण्णा, म्या तर कुल्फीवानी जपली हुती ओ." म्हटलं, "कुल्फी झाली हेच झालं, बाबा. आता ये, नात बघ." त्याचा दोष काय? शाबासकी तर मीच दिली होती.

बुधवार, १ जुलै

घरी आलो. आज पाचवी. सटवाईच्या पूजेला दोन्ही आज्या एका पाटावर. जुन्या समजुतीप्रमाणं लेकराचं नशीब सटवाई लिहून जाते. लिहू दे. पहिली ओळ आपण लिहिली आहे.

दुसरी सुई महिन्यानं. आता दुधाच्या पिशव्या, बर्फ नाही. जाईची आई गल्लीतल्या बायांना सांगत होती, "सुई नवी घ्या, न्हायतर वाफवून घ्या. अन् ताट येगळं करायची गरज न्हाय, डॉक्टरीणबाईनं सांगितलंय." मी पेपर वाचतोय असं दाखवून ऐकत बसलो.

गुरुवार, ९ जुलै

मच्छिंद्र निकाल घेऊन आला. माझं रक्त साफ, मला कधीतरी नकळत होऊन बराही झाला असेल म्हणे. त्याच्यात रोग आहे. त्याच्या आईच्यात आहे. डॉक्टरिणीनं सांगून पाठवलंय की बहुतेक खूप जुनं असणार, त्याच्या जन्मापासूनचं. आईकडून त्याला, त्याच्याकडून अयोध्येला. कुणाला कधी काही जाणवलं नाही, इतकंच.

जाईच्या आईला अजून सांगितलं नाही. ती आत नातीला न्हाऊ घालतेय, गाणं म्हणतेय. दुपारी मच्छिंद्र आणि मी दोघं मिळून सांगू. अयोध्या म्हणाली, "मामा, मीबी बसते तवा आत्यांजवळ."

आधी कार्ड लिहून टपालात टाकलं. शब्द असे:

चि. जाई, आम्ही सगळे बरे आहोत, नात गोड आहे. घाबरू नकोस, पण तू आणि तुझी तिन्ही लेकरं सोलापूरला येऊन रक्त तपासून घ्या. गाडीभाडं मी देतो. का ते समोर सांगेन. आईला दोष द्यायचा नाही, तिलाही कुणीतरी नकळतच दिलेलं असणार. कार्ड मिळताच दोन ओळी टाक, कोणत्या एसटीनं येतेस ते. वाट बघतोय.

— अण्णा